खाऊनही झिजणारं शरीर : कर्करोगातील क्षय आणि माशाच्या तेलाची गोष्ट

आजचा विषय पाहून काहींना आश्चर्य वाटलं असेल. ज्यांचं आयुष्य तत्त्वज्ञान शिकवण्यात गेलं, त्यांनी कर्करोग, स्नायू आणि माशाचं तेल यांवर का बोलावं? प्रश्न रास्त आहे. आम्ही डॉक्टर नाही, आणि आजच्या व्याख्यानातून कुणी औषधोपचार ठरवू नयेत, हे सुरुवातीलाच सांगून ठेवतो. पण हा इतिहास 'कारण' या कल्पनेचाही आहे, आणि त्या कल्पनेशी आमचा पन्नास वर्षांचा संबंध आहे.

दुसरं कारण घरचं आहे. साधारण २००२ साली आमच्या थोरल्या बंधूंना स्वादुपिंडाचा कर्करोग झाला. दादा मूळचे भरदार अंगाचे. चार-पाच महिन्यांत मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत सरकायला लागलं. वहिनी दर दोन तासांनी काहीतरी घेऊन उभ्या असायच्या. कधी नाचणीचं सत्त्व, कधी मुगाचं कढण, कधी साजूक तुपातला शिरा. दादा दोन घास खायचे आणि तोंड फिरवायचे. आम्ही सगळे त्यांना एकच ऐकवत होतो, "खाल्लंच नाही तर अंगाला लागणार काय?" एकदा ते वैतागून म्हणाले, "अरे, खाल्लेलं लागतच नाही रे!" आम्हाला तो त्यांचा हट्ट वाटला. तेव्हा पुतण्यानं परदेशातून माशाच्या तेलाच्या कॅप्सूल पाठवल्या. दादा जन्मभर शाकाहारी. वहिनींचं मन मोडू नये म्हणून त्यांनी त्या घेतल्या. त्या कॅप्सूलमागे काय इतिहास होता, हे आम्ही बऱ्याच वर्षांनी वाचलं. तोच आज आपण पाहणार आहोत.

सुरुवात शब्दापासून करू. वैद्यकात या झिजेला 'कॅकेक्सिया' म्हणतात. मूळ ग्रीक शब्द दोन : 'काकोस' म्हणजे वाईट आणि 'हेक्सिस' म्हणजे स्थिती. पण हेक्सिस म्हणजे आज आहे नि उद्या नाही अशी स्थिती नव्हे, तर मुरलेली, टिकणारी स्थिती. ॲरिस्टॉटलचं नीतिशास्त्र ज्यांनी वाचलं असेल त्यांना हा शब्द ओळखीचा आहे, कारण सद्गुण म्हणजे एक प्रकारची हेक्सिस असं तो म्हणतो. त्याच ग्रंथाच्या पाचव्या भागाच्या आरंभी तो उदाहरण देतो शरीराचं. चांगली स्थिती म्हणजे मांस घट्ट असणं, तर वाईट स्थिती म्हणजे मांस सैल पडणं, आणि जे मांसाला घट्टपणा आणतं ते आरोग्यकारक. म्हणजे तेवीसशे वर्षांपूर्वी एका तत्त्वज्ञानं शरीराच्या दुःस्थितीची खूण म्हणून बोट ठेवलं ते मांसावर, वजनावर किंवा चरबीवर नाही. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आपल्याकडे चरकसंहितेत चिकित्सास्थानाचा आठवा अध्याय राजयक्ष्म्याचा आहे. चंद्राला जडलेला रोग, तो हाच. राजयक्ष्मा म्हणजे कर्करोग असं आम्ही म्हणत नाही. ते वर्णन पुष्कळसं आज आपण ज्याला टीबी म्हणतो त्याच्याशी जुळतं, आणि म्हणूनच मराठीत 'क्षय' हा शब्द टीबीलाच चिकटला. पण झिजेचा विचार तिथे आहे. रस, रक्त, मांस, मेद, अस्थी, मज्जा, शुक्र हे सात धातू एकापाठोपाठ एक कसे क्षीण होतात याचा. आणि उपाय? समानानं समान वाढतं, हे सूत्र. वैशेषिकांची 'सामान्य' आणि 'विशेष' ही परिभाषा चरकानं वैद्यकात आणली. ज्याचं मांस झिजलं त्याला मांस द्यावं, हा त्यातून निघणारा सरळ निष्कर्ष, आणि राजयक्ष्म्याच्या उपचारात मांसरसाला मोठं स्थान आहे ते त्यामुळेच.

आमच्या वहिनी चरक वाचलेल्या नव्हत्या. पण त्यांचं तर्कशास्त्र तेच होतं. झीज म्हणजे उणीव. उणीव आहे, तर भरून काढा. या कल्पनेला आपण 'उणिवेची कल्पना' म्हणू. ती इतकी स्वाभाविक आहे की ती कल्पना आहे हेच कुणाच्या ध्यानात येत नाही.

आता विसाव्या शतकात येऊ. १९३२ साली शील्ड्स वॉरन या अमेरिकन रोगविकृतितज्ज्ञानं कर्करोगानं दगावलेल्या ५०० रुग्णांच्या शवविच्छेदनांचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रश्न साधा होता : ही माणसं नेमकी कशानं गेली? सुमारे २२ टक्के रुग्णांत त्यानं तात्कालिक कारण म्हणून लिहिलं, कॅकेक्सिया. म्हणजे गाठीनं मेंदू दाबला नाही, रक्तस्राव झाला नाही, माणूस झिजून गेला. पुढे १९८० मध्ये अमेरिकेत ३,०४७ रुग्णांच्या नोंदींवरून असं दिसलं की केमोथेरपी सुरू होण्याआधीच ज्यांचं वजन उतरलेलं असतं, ते कमी काळ जगतात. तेव्हा झीज हा रोगाच्या शेवटचा नुसता देखावा नाही, ती स्वतःच रोगाच्या गतीचा भाग आहे, हे स्पष्ट झालं.

मग उणिवेच्या कल्पनेची खरीखुरी परीक्षा घेण्याची संधी आली. १९६८ साली फिलाडेल्फियात स्टॅन्ली डड्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की अन्न तोंडानं न देता, फक्त शिरेतून सगळी पोषकद्रव्यं देऊन बीगल जातीची कुत्र्याची पिल्लं वाढवता येतात. माणसांतही ते साधलं. आता भूक, मळमळ, गिळणं, पचन हे सगळे अडथळे बाजूला झाले. उणीव हेच जर कारण असेल, तर शिरेतून हवं तेवढं अन्न दिल्यावर कर्करोगाचा रुग्ण सावरायला हवा. सत्तर-ऐंशीच्या दशकांत हे मोठ्या आशेनं करून पाहिलं गेलं. वजन थोडं वाढे, पण त्यात पाणी आणि चरबी जास्त. मांस परतत नव्हतं, आयुष्य वाढत नव्हतं, उलट जंतुसंसर्ग वाढला. १९८९ मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं केमोथेरपी घेणाऱ्या रुग्णांना सरसकट असं पोषण देऊ नये असं सांगून टाकलं.

मित्रहो, इथे जरा थांबू. हजारो वर्षांची एक कल्पना इथे हरली. उपासमारीत शरीर काय करतं, हे आपल्याला ठाऊक आहे. ते काटकसर करतं, आधी चरबी जाळतं, मांस शक्य तितकं राखतं. आणि अन्न मिळालं की परत भरतं. कर्करोगातल्या क्षयात चरबी आणि मांस बरोबरच जातात, आणि अन्न दिलं तरी भरत नाहीत. दादांचं वाक्य आठवा. खाल्लेलं लागत नाही. ते हट्ट करत नव्हते, ते निरीक्षण सांगत होते.

उणीव नाही, तर मग काय? दुसरी कल्पना पुढे आली. तिला आपण 'हुकमाची कल्पना' म्हणू. शरीराला कुठून तरी रसायनाच्या रूपात हुकूम मिळतो की स्वतःला मोड. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात अँथनी सेरामी एका वेगळ्याच प्रश्नावर काम करत होते. ट्रायपॅनोसोम या परजीवीची लागण झालेले ससे झिजून जात, आणि तरी त्यांच्या रक्तात चरबी मात्र भरपूर. म्हणजे चरबी होती, पण शरीर ती वापरत नव्हतं. या मागच्या द्रव्याला 'कॅकेक्टिन' नाव मिळालं. १९८५ मध्ये ब्रूस ब्यूटलर आणि सेरामी यांच्या कामातून कळलं की हे कॅकेक्टिन म्हणजे दुसरं तिसरं काही नसून आधीच माहीत असलेलं टीएनएफ. या नावाचा अर्थ काय, तर गाठीचा नाश करणारा घटक! जे द्रव्य गाठ मारतं म्हणून शोधलं, तेच माणसाला झिजवतं म्हणून दुसऱ्या दारानं आलं. ब्यूटलर यांना २०११ मध्ये नोबेल मिळालं, ते मात्र रोगप्रतिकारशक्तीच्या दुसऱ्या शोधाबद्दल.

त्या वेळी वाटलं की हुकूम देणारा सापडला. पण टीएनएफला रोखणारी औषधं कर्करोगाच्या क्षयात वापरून पाहिली तेव्हा ती उपयोगी ठरली नाहीत. हुकूम देणारा एकटा नव्हता.

आता चरबीयुक्त आम्लांकडे वळू. १९२९-३० मध्ये मिनेसोटात जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दांपत्यानं उंदरांना पूर्णपणे चरबीविरहित आहार दिला. त्यांच्या शेपट्या खवलेदार झाल्या, मूत्रपिंडं बिघडली, वाढ खुंटली. लिनोलेइक आम्ल दिलं की ते सुधारले. चरबी म्हणजे नुसतं सरपण ही समजूत तिथे मोडली. काही आम्लं शरीराला स्वतः बनवता येत नाहीत, ती आहारातूनच मिळावी लागतात. पुढे कळलं की पेशींच्या आवरणातली ही आम्लं प्रोस्टाग्लँडिनसारख्या संदेशवाहक द्रव्यांचा कच्चा माल असतात. म्हणजे आपण कोणतं तेल खातो, त्यावर शरीरात कोणते निरोप फिरणार हे काही अंशी ठरतं. या कामासाठी १९८२ चं नोबेल दिलं गेलं.

१९७१ च्या सुमारास बँग आणि डायरबर्ग या डॅनिश संशोधकांनी ग्रीनलंडच्या इन्युइट लोकांच्या रक्ताचा अभ्यास केला, आणि सील नि मासे यांतून मिळणाऱ्या एका आम्लाकडे जगाचं लक्ष गेलं. त्याचं नाव इकोसापेंटेनॉइक आम्ल, थोडक्यात ईपीए. इकोसा म्हणजे वीस, पेंटा म्हणजे पाच. वीस कार्बनची साखळी आणि तिच्यात पाच दुहेरी बंध. हे ओमेगा-३ कुळातलं. दाह वाढवणारे निरोप ज्या ॲरॅकिडॉनिक आम्लापासून बनतात, त्याची साखळीही वीस कार्बनचीच, पण दुहेरी बंध चार. त्यामुळे ईपीए त्याची जागा अडवू शकतं, आणि त्यापासून बनणारे निरोप सौम्य असतात. इन्युइटांना हृदयविकार कमी होतो या मूळ समजुतीवर पुढे बरीच टीका झाली, पण तो आजचा विषय नाही.

या दोन वाटा इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या ॲस्टन विद्यापीठात एकत्र आल्या. मायकेल टिस्डेल यांच्याकडे उंदरांतली एक आतड्याची गाठ होती, एमएसी१६. तिचं वैशिष्ट्य असं की उंदीर पूर्वीइतकंच खात, तरी झिजत. उणीव आणि हुकूम या दोन कल्पनांना वेगळं करायला याहून चांगलं उदाहरण मिळणं कठीण. टिस्डेल आणि सहकाऱ्यांनी आधी चरबीप्रधान आहार देऊन पाहिला. १९९० मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलं की माशाच्या तेलानं या उंदरांची झीज थांबते. मग तेलातले घटक वेगळे करून पाहिले तेव्हा परिणाम ईपीएचा निघाला. त्याचंच भावंड असलेलं डीएचए आणि गॅमा लिनोलेनिक आम्ल यांनी तो साधला नाही. १९९६ मध्ये त्यांच्या गटानं 'नेचर'मध्ये एक द्रव्य वर्णन केलं. ते झिजणाऱ्या उंदरांत होतं आणि झिजणाऱ्या रुग्णांच्या लघवीतही मिळालं, आणि ते स्नायूंतली प्रथिनं मोडायला लावत होतं. पेशीत नको असलेल्या प्रथिनांवर युबिक्विटिनची खूण लागते आणि प्रोटिअसोम नावाचं यंत्र ती तोडतं. ही यंत्रणा स्नायूंत बेफाम चालते, आणि ईपीए तिला आवर घालतं, असं चित्र तयार झालं. चित्र फार सुबक होतं. त्या द्रव्याची माणसांतली भूमिका मात्र पुढे वादग्रस्तच राहिली.

आता माणसांकडे. एडिंबरामध्ये केनेथ फियरन हे शल्यचिकित्सक होते. टिस्डेल यांच्या सुरुवातीच्या कामात त्यांचा सहभाग होता. १९९६ मध्ये त्यांच्या गटानं स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या, शस्त्रक्रिया होऊ न शकणाऱ्या १८ रुग्णांना माशाच्या तेलाच्या कॅप्सूल दिल्या. आधी ते महिन्याला मध्यमानानं २.९ किलो वजन गमावत होते. तेल सुरू केल्यावर महिन्याला ०.३ किलो वाढ दिसली. १९९९ मध्ये २० रुग्णांना ईपीए घातलेलं, प्रथिनं आणि ऊर्जा असलेलं पेय दिलं. तीन आठवड्यांत एक किलो आणि सात आठवड्यांत दोन किलो वाढ. या रोगात वजन वाढणं म्हणजे अघटितच. बातमी पसरली. पुतण्यानं पाठवलेल्या कॅप्सूल या बातमीच्या पोटातून आल्या होत्या.

पण या दोन्ही अभ्यासांत तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. आपल्याकडे काकतालीय न्याय सांगतात. कावळा बसायला आणि ताडाचं फळ पडायला एकच गाठ पडली, म्हणून कावळ्यानं फळ पाडलं असं होत नाही. शिवाय आठव्या आठवड्यात वजनाच्या काट्यावर कोण उभा राहतो? जो तोवर टिकला तो. जे खचले त्यांची वजनं मोजलीच जात नाहीत. हे फियरन यांना कळत होतं, आणि त्यांचा मोठेपणा असा की ज्यात आपली आशा गुंतली होती तिची कठोर परीक्षा त्यांनी स्वतःच घेतली.

२००३ मध्ये तिचा निकाल आला. २०० रुग्ण, दोन गट, चिठ्ठीनं विभागलेले. दोघांनाही तितकीच ऊर्जा आणि तितकीच प्रथिनं असलेलं पेय, फक्त एकात ईपीए. कोणाला काय मिळतंय हे रुग्णालाही ठाऊक नाही नि डॉक्टरलाही नाही. सुरुवातीला हे रुग्ण महिन्याला सरासरी ३.३ किलो गमावत होते. आठ आठवड्यांत ईपीएच्या गटात ही झीज महिन्याला ०.२५ किलोवर आली. आणि दुसऱ्या गटात? ०.३७ किलोवर. दोन्ही गटांत झीज जवळजवळ थांबली, आणि दोघांत फरक म्हणण्यासारखा नव्हता. ज्यांच्या रक्तात ईपीए जास्त चढलं त्यांचं वजन अधिक वाढलं असा संबंध दिसला खरा. पण तो नंतर शोधलेला संबंध. जो रुग्ण दोन्ही डबे पिऊ शकतो तो मुळातच बरा असतो, ही शंका उरतेच.

मग २००४ मध्ये अमेरिकेत ४२१ रुग्णांवर ईपीएची तुलना मेजेस्ट्रॉल या भूक वाढवणाऱ्या औषधाशी झाली. ईपीए सरस ठरलं नाही. २००६ मध्ये फियरन यांनीच ५१८ रुग्णांवर शुद्ध ईपीए दोन ग्रॅम, चार ग्रॅम आणि नुसतं लुटुपुटीचं औषध अशी तुलना केली. दोन ग्रॅमच्या गटात सरासरी १.२ किलोचा कल दिसला, पण संख्याशास्त्राच्या कसोटीला तो उतरला नाही, आणि मात्रा दुप्पट केल्यावर तो कल वाढण्याऐवजी घटला. २००७ च्या कॉक्रेन आढाव्यानं सांगितलं की ईपीए लुटुपुटीच्या औषधापेक्षा चांगलं आहे असं म्हणायला पुरेसा पुरावा नाही.

गोष्ट इथे संपायला हवी होती. संपली नाही, कारण मोजायचं काय हाच प्रश्न बदलला. कॅनडात अल्बर्टा विद्यापीठात व्हेरा मझुराक, व्हिकी बॅराकोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वजनकाटा बाजूला ठेवला. रुग्णांचे सीटी स्कॅन तसेही होतात. त्याच चित्रांत कमरेच्या तिसऱ्या मणक्याच्या पातळीवर स्नायूंचं क्षेत्रफळ मोजलं. कळलं ते असं की स्थूल दिसणाऱ्या माणसाचं मांसही झडलेलं असू शकतं, वजनकाट्याला ते दिसत नाही. २०११ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाच्या ४० रुग्णांवरच्या त्यांच्या अभ्यासात केमोथेरपीबरोबर, म्हणजे उशिरा नव्हे तर आधीच, माशाचं तेल घेतलेल्या १६ जणांपैकी ६९ टक्के लोकांचं मांस टिकलं किंवा वाढलं. न घेतलेल्यांत हे प्रमाण २९ टक्के होतं. अभ्यास लहान आहे, गट चिठ्ठीनं पाडलेले नाहीत. कावळा आणि ताड इथेही लागू. पण प्रश्न नेमका झाला.

त्याच वर्षी फियरन यांच्या पुढाकारानं एक आंतरराष्ट्रीय व्याख्या ठरली. तिचा आशय असा : कॅकेक्सिया म्हणजे स्नायूंची चालू राहणारी झीज, चरबी जावो वा न जावो, जी नेहमीच्या पोषणानं पूर्णपणे भरून येत नाही. पाहा, तेवीसशे वर्षांनी व्याख्या परत मांसावर आली. आणि 'नेहमीच्या पोषणानं भरून येत नाही' हे शब्द व्याख्येतच बसले. दादांचं म्हणणं वैद्यकशास्त्राच्या व्याख्येत गेलं, त्यांना जाऊन बरीच वर्षं झाल्यावर.

फियरन २०१६ मध्ये वारले. एकच गोळी पुरणार नाही, तर आहार, व्यायाम, दाह कमी करणारं औषध आणि ईपीए सगळं एकत्र द्यावं, ही त्यांची शेवटच्या काळातली भूमिका. त्या धर्तीच्या चाचणीचा निकाल २०२४ मध्ये मांडला गेला. वजन टिकलं, पण स्नायूंत आणि रोजच्या पावलांच्या संख्येत फरक दिसला नाही. दुसरीकडे हुकमाची कल्पना पुढे गेली आहे. २०१० मध्ये उंदरांत असं दिसलं की स्नायू मोडण्याचा निरोप अडवला तर गाठ वाढत राहूनही उंदीर जास्त जगतात. जीडीएफ१५ नावाचा निरोप अडवणाऱ्या औषधानं २०२४ च्या १८७ रुग्णांवरच्या चाचणीत वजन वाढलं. जपाननं २०२१ मध्ये भुकेच्या संप्रेरकासारखं काम करणाऱ्या ॲनामोरेलिनला मान्यता दिली. शेवटचा शब्द अजून कुणाचाच नाही.

एक प्रश्न हमखास येतो म्हणून आधीच उत्तर देतो. जवसाच्या चटणीत ओमेगा-३ असतं ना? असतं. पण ते अठरा कार्बनचं, आणि आपलं शरीर त्यातलं फार थोडं ईपीएमध्ये बदलतं. तारली, बांगडा यांत ईपीए थेट मिळतं. चटणी जरूर खा, पण चाचण्यांत वापरलेल्या मात्रेशी तिची तुलना करू नका. आणि आजारी माणसाला काहीही सुरू करण्याआधी त्याच्या डॉक्टरांना विचारा.

मग दादांनी त्या कॅप्सूल घेतल्या त्या व्यर्थ गेल्या का? आज जे माहीत आहे त्यावरून पाहिलं तर त्या अवस्थेत त्यांचा उपयोग होण्याची शक्यता फार कमी होती. त्याची आम्हाला खंत नाही. आशा धरणं गैर नव्हतं. खंत दुसरीच आहे. उणिवेची कल्पना चुकली की ती नुसती चुकत नाही, ती दोष कुणावर तरी टाकते. खात नाहीस म्हणून झिजतोस, म्हणजे झिजतोस हा तुझा दोष. आणि तो खात नाही, म्हणजे करणारीच्या हातात काही कमी. वहिनी कित्येक वर्षं म्हणत राहिल्या, "माझ्या हातचं त्यांना गेलं नाही." ज्ञान झालं असतं तर दादा वाचले असते असं नाही. पण शेवटचे दोन महिने त्या घरात वाटीवरून वाद झाले नसते. दोन घास खाल्ले तर खाल्ले, नाही तर नुसतं शेजारी बसलो असतो.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी असा रुग्ण असेल तर आहारतज्ज्ञाकडे लवकर जा, वजन उतरायला लागल्याबरोबर जा, थोडी हालचाल चालू ठेवा. प्रयत्न सोडू नका. पण तो म्हणाला की खाल्लेलं लागत नाही, तर त्याच्यावर विश्वास ठेवा.

इथे थांबतो.